कृषी योजनांत पहिल्यांदा उतरताना: सातबाऱ्यापासून शेतीशाळेपर्यंत

मृगाच्या तोंडावर आमच्या गावात दोन ठिकाणी गर्दी असते. एक कृषी सेवा केंद्रावर, बियाण्या-खतासाठी. दुसरी ऑनलाइन सेंटरवर, हातात सातबारा आणि आधार कार्ड घेऊन. या दुसऱ्या गर्दीचा प्रश्न ठरलेला असतो, "यंदा काय निघालंय?"

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मी हिंगोली जिल्ह्यातला. सोयाबीन, तूर आणि थोडी हळद. वडील गेल्यावर शेती माझ्याकडे आली तेव्हा मला पीक घेता येत होतं, कागद कळत नव्हते. पहिली काही वर्षं मीही काय निघालंय एवढंच विचारत फिरलो. आता आमच्या शेतकरी गटातली नवी पोरं, माहेराहून वाटा मिळालेल्या बहिणी, पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेले भाऊ माझ्याकडे अर्ज भरायला येतात. त्यांना समोर बसवून जे सांगतो, तेच इथं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. योजनेत उतरण्याचा सगळ्यात मोठा फायदा अनुदान हा नाही. अनुदान एकदा खात्यात येतं आणि खर्च होतं. बियाणं तपासून पेरायची सवय, किडी मोजून मग फवारायची सवय, दहा जणांनी मिळून यंत्र वापरायची सवय दर हंगामाला पैसे वाचवते. पण तिथवर जाणारी वाट कागदांतून जाते, म्हणून सुरुवात कागदांपासूनच.

पहिली पायरी: आपलं नाव कागदावर आणा

सातबारा आणि आठ-अ, म्हणजे गावातली तुमच्या नावावरची सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा, काढा आणि शांतपणे वाचा. जमीन अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वारस नोंद करा. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करायचा. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर करतात. घरात वाटणीवरून धुसफूस असेल तरी वारस नोंद थांबवू नका. वारस नोंद म्हणजे वाटणी नाही. हा गैरसमज काढताना मी कितीतरी घरांत चहा प्यालोय.

हीच वेळ साधून घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं का, ते बघा. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या अनेक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. शेतातलं निम्म्याहून जास्त काम जी करते, तिचं नाव कागदावर नसेल तर शेतकरी म्हणून तिला कुठलीच योजना ओळखत नाही. शिवाय काही योजनांत महिलांना अनुदान जास्त मिळतं आणि निवडीत प्राधान्यही असतं.

मग शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा आहे. सीएससी केंद्रावर, म्हणजे त्या ऑनलाइन सेंटरवरच, तासाभरात नोंदणी होते, फक्त आधारला जोडलेला मोबाइल सोबत हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. दोन गावांत जमीन असेल तर दोन्हीकडचे गट क्रमांक जोडून घ्या. सातबाऱ्यावर ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर, असा फरक आमच्याकडे घरोघरी सापडतो. तो आत्ताच दुरुस्त करा. निवड झाल्यावर कागद जमा करायला दिवस मोजके मिळतात, नाव दुरुस्तीला महिना लागतो.

बँकेत जाऊन एवढंच विचारा, "सरकारी पैसे घेण्यासाठी माझं आधार याच खात्याला जोडलंय का?" अनुदान खाते क्रमांकावर नाही, आधारला जोडलेल्या खात्यावर येतं. कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात पैसे जाऊन पडल्याची उदाहरणं आमच्या गटातच तीन आहेत.

आणि ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर, शेतात उभं राहून, फोटो काढून करायची आहे. पाच-दहा मिनिटांचं काम, पण लोक टाळतात. नोंद नसेल तर सरकारच्या लेखी तुमच्या शेतात पीकच नाही. मग अतिवृष्टीची मदत, पीक विमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडतं. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात व्यापारी त्याहून बरंच कमी बोलत होते. खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला गेलं की पहिल्यांदा सातबाऱ्यावरचा पीकपेरा पाहतात. विहीर, बोअर, शेततळं, बांधावरची आंब्याची झाडं यांचीही नोंद करून ठेवा. ठिबकचा अर्ज करताना पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो.

दुसरी पायरी: अर्ज, आणि खरेदीआधी थांबणं

महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान-अर्जांच्या पोर्टलवर एकदा नोंदणी केली की ठिबक, तुषार, अवजारं, शेततळ्याचं अस्तरीकरण, फळबाग, बियाणं अशा बऱ्याच घटकांसाठी तिथूनच अर्ज करता येतो. अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे आहे. सेंटरवाला भरून देण्याचे पन्नास-शंभर घेईल, ते त्याच्या कष्टाचे आहेत. पण कुणी 'निवड करून देतो' म्हणून हजार-दोन हजार मागत असेल तर उठून या. पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून आधी येईल त्याला आधी, ही पद्धत आली. म्हणजे पहिल्या पायरीवरचे कागद ज्याचे तयार, त्याचा नंबर पुढे.

क्रम नीट लक्षात ठेवा. अर्ज, मग निवडीचा मेसेज, मग कागद अपलोड करणं, मग पूर्वसंमती पत्र, मग खरेदी, मग बिल अपलोड, मग शेतात येऊन मोका तपासणी, आणि शेवटी खात्यात पैसे. यातली पूर्वसंमती सगळ्यात महत्त्वाची. तिच्या तारखेआधीचं बिल चालत नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. हळदीच्या लागवडीची घाई होती, निवडीचा मेसेज आला होता आणि दुकानदार म्हणाला, "दादा, निवड झाली म्हणजे झालंच, संच घेऊन जा, कागद मागाहून करू." मी उसनवारी करून ठिबक अंथरलं. पूर्वसंमती तीन आठवड्यांनी आली आणि बिलाची तारीख आधीची निघाली. अनुदान गेलं, उसनवारी मात्र दोन वर्षं फेडत बसलो. तेव्हापासून गटातल्या प्रत्येकाला मी सांगतो, पत्र हातात येईपर्यंत दुकानाच्या वाटेलाही जाऊ नका. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. बिलावर जीएसटी क्रमांक आणि संचाचा तपशील आहे का, तेही दुकानातच तपासा.

ठिबक-तुषारला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, म्हणजे कमी जमीन असलेल्यांना, ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के मिळतं. राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना त्यात भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेते. मात्र हे टक्के तुमच्या बिलावर धरत नाहीत. दोन नळ्यांमधल्या अंतरानुसार शासनानं ठरवलेला खर्च असतो, त्यावर धरतात. दुकानदारानं महागडा संच गळ्यात मारला तर वरचा फरक तुमच्या खिशातून जातो.

फळबाग लावायची असेल तर आधी रोजगार हमीतून मिळते का पाहा. फळबाग लागवड रोजगार हमीला जोडण्याचं काम महाराष्ट्रानं १९९० मध्येच केलं. कोकणातल्या आंबा-काजूच्या कितीतरी बागा आणि कोरडवाहू भागातली डाळिंब-सीताफळं त्यातूनच उभी राहिली. त्यात जे बसत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं. पहिल्या वर्षी किमान ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत असली तरच पुढचा हप्ता मिळतो. ही अट मला फार आवडते. रोपं लावल्याचे पैसे सहज मिळतात, रोपं जगवल्याचे देणारी योजना विरळा.

मधेच एक सांगणं: दिसेल तो अर्ज करू नका

अनुदान निम्मं असलं तरी उरलेलं निम्मं तुमचंच असतं. तीन एकरांवर ट्रॅक्टर घेऊन हप्त्यांखाली दबलेली घरं मी पाहिलीत. ट्रॅक्टर दारात उभा, आणि तो चालवायला गिऱ्हाईक शोधत पोरगा गावोगाव. शेडनेट उभारलं, पण ढोबळी मिरची विकायची कुठं याचा पत्ता नाही, असंही झालंय. मुरमाड जमिनीत अस्तर न घालता शेततळं खोदलं तर दिवाळीपर्यंत तळ दिसतो. अर्ज करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: माझा वाटा किती, तो कुठून आणणार, आणि या वस्तूनं वर्षाला माझे किती वाचतील किंवा वाढतील. तिसरा आकडा लिहिता येत नसेल तर ती योजना यंदा तुमच्यासाठी नाही.

उलट उदाहरण जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं. तिथं आधी गावानं मिळून पाणलोटाचं काम केलं, बांधबंदिस्ती झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ मिळाली. मग शेततळी आली आणि मग द्राक्षं. क्रम बरोबर असला की एका योजनेवर दुसरी उभी राहते. अवर्षणाच्या पट्ट्यातलं गाव द्राक्षांसाठी ओळखलं जातं, ते या क्रमामुळे.

तिसरी पायरी: शेतीशाळेत बसा

माझ्या मते खरा फायदा इथं आहे, आणि गर्दी मात्र इथंच सगळ्यात कमी असते.

गावाला कृषी सहायक असतो, आता त्यांचं पद सहाय्यक कृषी अधिकारी असं झालंय. त्यांच्या मागे मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि 'आत्मा'ची, म्हणजे शेतीचं नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेची, माणसं. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र, आणि त्यामागे परभणी, अकोला, राहुरी, दापोली ही चार विद्यापीठं. ही सगळी साखळी तुमच्या बांधापर्यंत येते ती शेतीशाळेतून. पेरणीपूर्वीपासून काढणीपर्यंत ठराविक दिवसांनी पंचवीस-तीस शेतकरी एकाच शेतात जमतात, झाडं उपटून मुळं बघतात, पानं उलटून किडी मोजतात. फळ्यावरचं शिक्षण नाही हे, हाताला चिखल लागतो.

पहिला धडा साधा, बियाण्याची उगवण तपासणी. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यानं घरचं बियाणं चालतं, दरवर्षी महागडी बॅग आणायची गरज नाही. पण टरफल नाजूक, मळणीत मार बसला की उगवण घसरते. म्हणून मे महिन्यात ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्यानं मोजायचं. ७० किंवा जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो. कमी उगवले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बियाणं पेरायचंच नाही. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. पहिल्या सरीला भुलून केलेली पेरणी मोडली, की दुबार पेरणीचा खर्च कुठलंच अनुदान भरून देत नाही.

दुसरा धडा रुंद वरंबा-सरीचा, बीबीएफचा. चार ओळींचा वरंबा, दोन्ही बाजूंना सरी. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जातं, उघडीप पडली तर तीच सरी ओल धरून ठेवते. आमच्या काळ्या, चिबडणाऱ्या रानात पहिल्या वर्षी मी निम्म्याच शेतात केलं. ऑगस्टमधल्या झडीनंतर दोन्ही अर्ध्यांच्या रंगातला फरक रस्त्यावरून दिसत होता. बियाणंही थोडं कमी लागतं.

तिसरा धडा किडींचा. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यानं क्रॉपसॅप सुरू केलं. ठरलेल्या गावांतल्या शेतांत दर आठवड्याला किडी मोजायच्या आणि त्यावरून सल्ला द्यायचा. कापसावर गुलाबी बोंडअळीनं २०१७ मध्ये जे केलं ते आठवतं ना? तिच्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग अडकले तरच फवारणीची वेळ आली असं समजायचं. शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपण काढायचा, ही सवय या मोजणीनं सुटते. वाचलेली एक फवारणी म्हणजे औषध, मजुरी आणि अंगावर उडणारं विष, तिन्ही वाचलं. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि वाऱ्याच्या दिशेनं फवारणी हे शेतीशाळेत शिकवतात तेव्हा कंटाळू नका, मजुरालाही तिथं घेऊन या.

माती परीक्षणही याच काळात उरका. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. शेतभर नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडून गोळा करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. आरोग्य पत्रिका हातात आली की ती सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडून समजून घ्या आणि खताच्या दुकानात सोबत न्या.

तुमचं गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. जागतिक बँकेच्या साहाय्यानं २०१८ मध्ये तो मराठवाडा, विदर्भाचे काही जिल्हे आणि जळगाव असा १५ जिल्ह्यांत सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं आहेत. गावाची ग्राम कृषी संजीवनी समिती आराखडा करते, तिच्या बैठकीला हजर राहा. आराखड्यात काय घ्यायचं ते तिथं ठरतं आणि गैरहजर माणसाची गरज तिथं कुणी मांडत नाही.

चौथी पायरी: आधाराची कवचं

ही थोडक्यात. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये आले आहेत. प्रत्येक हप्ता २,००० चा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली की हप्ता थांबतो.

पीककर्ज गावच्या सोसायटीतून किंवा बँकेतून घ्या, सावकाराकडून नको. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. एक दिवस उशीर झाला तरी सवलत जाते, म्हणून तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

पीक विम्याचा एक रुपयाचा काळ संपला. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत आहे, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या शेतातलं पीक कापून मोजण्यातून, निघणाऱ्या महसूल मंडळाच्या उत्पन्नावर ठरते. म्हणून तुमच्या गावात हा प्रयोग कुठल्या शेतात, कोणत्या दिवशी आहे ते विचारा आणि चार जण तिथं जाऊन उभे राहा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाबद्दल फारच कमी घरांना माहीत असतं. साप चावणं, वीज पडणं, विजेचा धक्का, बुडणं, फवारणीतली विषबाधा अशा अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५. हप्ता भरावा लागत नाही. दुःखाच्या दिवसांत घरच्यांना सुचत नाही आणि अर्जाची मुदत ३० दिवसांचीच आहे, म्हणून शेजाऱ्यानं पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद जपून तालुका कृषी कार्यालयात नेणं, ही खरी मदत.

पाचवी पायरी: गट, आणि मग कंपनी

एकट्यानं बीबीएफ यंत्र परवडत नाही, दहा जणांना परवडतं. आत्मामध्ये गटाची नोंदणी करा, बँकेत खातं काढा, महिन्याला थोडी बचत ठेवा. आमचा गट बियाणं, खत एकदम आणतो तेव्हा दुकानदार दर पाडून देतो, एवढं साधं गणित आहे. यंत्राच्या पाळीवरून भांडणं होतात, म्हणून आम्ही मे महिन्यातच चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवतो आणि तो मारुतीच्या पारावर चिकटवतो.

गट दोन-तीन हंगाम टिकला की शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करा. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स द्राक्षं परदेशी पाठवते, ते पाहून सगळ्यांना कंपनी काढावीशी वाटते. केंद्रानं २०२० मध्ये दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना आणली, व्यवस्थापनाच्या खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत दिली. त्यामुळे कागदावरच्या कंपन्याही पुष्कळ झाल्या. तुमच्याकडे कुणी शेअरचे हजार-दोन हजार मागायला आला, तर त्याला विचारा: मागच्या हंगामात सभासदांचा किती माल घेतला, पैसे किती दिवसांत दिले, वार्षिक सभा कधी झाली, हिशेब तपासलेला ताळेबंद दाखवाल का? उत्तरं सरळ आली तर शेअर जरूर घ्या. गोल आली तर पैसे खिशात ठेवा, आणि यंदा गटाबरोबरच गोणपाटावर शंभर दाणे मांडा.